शेकाच्या दिवसांत मध, हळद आणि काढे: घरच्या माणसांसाठी मार्गदर्शन

कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशन द्यायचे ठरले की आपल्याकडे घरोघरी त्याला 'शेक' म्हणतात, काही जण 'लाईट' म्हणतात. माझ्या मावशीला गालाच्या कर्करोगासाठी शेक सुरू झाला, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आमच्या स्वयंपाकघरातील फळी बाटल्यांनी भरून गेली. गुळवेलीचा काढा, तुळशीचा अर्क, गव्हांकुराची पावडर, आवळ्याचा रस आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या असे सगळे तेथे होते. प्रत्येक बाटली कोणी ना कोणी मायेने आणून दिली होती आणि प्रत्येकीबरोबर एकच वाक्य आले होते, की हे किरणांपासून शरीर वाचवते आणि नैसर्गिक असल्यामुळे अपाय करत नाही. आम्ही ते सर्व अठरा दिवस नेमाने दिले. डॉक्टरांनी विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही. अखेर एका परिचारिकेने पिशवीतील बाटली पाहिली आणि मग प्रश्न सुरू झाले.

त्या प्रश्नांची उत्तरे शोधताना जे हाती लागले ते, अशाच घरातील माणसांना उपयोगी पडावे म्हणून, येथे मांडत आहे. त्यातील मुख्य गोष्ट अशी, की एखादा पदार्थ ज्या गुणामुळे निरोगी पेशीला किरणांपासून वाचवतो, त्याच गुणामुळे तो गाठीतील पेशीलाही वाचवू शकतो. म्हणून पदार्थ नैसर्गिक आहे की नाही, या प्रश्नाने काहीच ठरत नाही. तो शरीरात कोठे पोहोचतो, केव्हा पोहोचतो आणि किती पोहोचतो, यावर सर्व ठरते.

किरणांचा आजार आणि शेकाचा त्रास

या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि तेथूनच गोंधळ सुरू होतो. किरणोत्सर्गाचा तीव्र आजार तेव्हा होतो, जेव्हा संपूर्ण शरीरावर किंवा त्याच्या बहुतांश भागावर थोड्या वेळात मोठी मात्रा पडते. ही मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. साधारण १ ग्रेच्या पुढे काही तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. नंतर काही दिवस बरे वाटते आणि त्याच काळात अस्थिमज्जा निकामी होत जाऊन रक्तातील पांढऱ्या पेशी व प्लेटलेट घसरतात. उपचार न मिळाल्यास ४ ग्रेच्या आसपासच्या मात्रेने निम्मी माणसे दगावू शकतात. त्याहून बऱ्याच मोठ्या मात्रेत आतड्याचे अस्तर झडते आणि तेथे वैद्यकाचेही हात तोकडे पडतात.

शेकाच्या खोलीत मावशीला दररोज २ ग्रे मिळत होते आणि सात आठवड्यांत एकूण ६६ ग्रे झाले. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु ती मात्रा केवळ गालाच्या आणि मानेच्या मोजून आखलेल्या भागावर, आठवड्यातून पाच दिवस, तुकड्यातुकड्याने पडत होती, म्हणजे निरोगी पेशींना मध्ये दुरुस्तीला वेळ मिळत होता. त्यामुळे तिला किरणांचा तो आजार होण्याचा प्रश्न नव्हता. तिला झाला तो त्या जागेपुरता त्रास: तोंड आले, लाळ आटली, चव गेली आणि मानेची कातडी काळवंडली. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणे साठून राहत नाहीत, हेही येथेच सांगून ठेवते, कारण आमच्याकडे दोन नातेवाइकांनी लहान मुलांना तिच्याजवळ जाऊ दिले नव्हते.

संरक्षण नेमके कसे घडते

आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे. क्ष-किरण किंवा गॅमा किरण त्यातून जाताना पाण्याचे रेणू फुटतात आणि हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत उतावीळ मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) तयार होते, जे क्षणाच्या अतिसूक्ष्म अंशात शेजारच्या डीएनएवर आदळते. अशा किरणांनी होणाऱ्या हानीपैकी सुमारे दोन तृतीयांश हानी या आडवाटेने होते. याचा अर्थ असा, की ते मूलक टिपणारा पदार्थ किरण पडण्याच्या क्षणी पेशीच्या आत, डीएनएच्या जवळ हजर असला पाहिजे. किरण पडून गेल्यावर संध्याकाळी घेतलेला काढा त्या मूलकांना गाठू शकत नाही.

या संशोधनाचा आरंभ एका नैसर्गिक पदार्थानेच झाला. १९४९ साली अमेरिकेतील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत हार्वी पॅट आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सिस्टीन हे अमिनो आम्ल किरण देण्याआधी टोचले, तेव्हा मरणारे उंदीर जगले; हेच सिस्टीन किरणांनंतर दिले तेव्हा उपयोग झाला नाही. सिस्टीनमधील गंधकाचा गट हे काम करतो, असे लक्षात आल्यावर अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत त्या धर्तीचे हजारो कृत्रिम रेणू तपासले गेले आणि त्यातून अमिफॉस्टिन हे औषध आले. डोके व मानेच्या शेकात लाळग्रंथी वाचवण्यासाठी त्याला अमेरिकेत १९९९ साली मान्यता मिळाली. ते शिरेतून, शेकाच्या काही मिनिटे आधी देतात आणि त्याने रक्तदाब घसरतो, मळमळ होते. इतक्या शोधानंतर हाती आलेले औषध इतके अवघड असेल, तर बाटलीवर छापलेल्या सोप्या दाव्याकडे किती सावधपणे पाहावे, हे वाचकाने ठरवावे.

तुळस, आले आणि उंदीर

आपल्या वनस्पतींवर भारतात खरोखर चांगले काम झाले आहे आणि ते मनापासून आदराने वाचावे असे आहे. मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये पी. उमा देवी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तुळशीच्या पानांचा अर्क व त्यातील ओरिएंटिन आणि विसेनिन ही दोन फ्लॅव्होनॉइड, म्हणजे वनस्पतीतील संयुगे, तपासली. गॅमा किरणांच्या मारक मात्रेतूनही उंदीर जगल्याचे त्यांना आढळले. त्याच संस्थेत गणेशचंद्र जगेतिया यांनी आले, पुदिना, बेल, त्रिफळा अशा अनेक गोष्टींवर प्रयोग केले. दिल्लीतील संरक्षण संशोधन संस्थेच्या अणुवैद्यक विभागात हिमालयातील पोडोफायलम आणि लडाखच्या सीबकथॉर्न या वनस्पतींवर काम झाले.

असा अभ्यास समोर आला की चार गोष्टी शोधाव्यात. पहिली, प्राणी कोणता. दुसरी, पदार्थ पोटात टोचला की तोंडाने दिला. तिसरी, किरणांच्या आधी दिला की नंतर. आणि चौथी, संरक्षण किती मिळाले. चौथ्या गोष्टीसाठी शास्त्रज्ञ एक गुणक वापरतात. आल्याच्या अर्काचा गुणक २००३ च्या अभ्यासात १.१५ आला. याचा अर्थ, आले टोचलेल्या उंदरांमध्ये तेवढाच परिणाम घडवायला सुमारे १५ टक्के अधिक मात्रा लागली. तो अर्क किरणांच्या आधी सलग पाच दिवस पोटात टोचलेला होता. चहात ठेचून घातलेल्या आल्याशी त्याची तुलना होऊ शकत नाही. पोडोफायलमच्या बाबतीत तर पुढचा धोका आहे: उंदरांना वाचवणाऱ्या त्या मुळात पोडोफायलोटॉक्सिन हे विष असते, ज्यापासून कर्करोगाचे एक औषध बनवतात. ते मूळ घरी उगाळून देणे जिवावर बेतू शकते.

ज्वारीच्या आणि डाळिंबाच्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यातील प्युनिकॅलाजिन व एलॅजिक आम्ल ही प्रयोगशाळेत जोरकस प्रतिऑक्सिडीकारके (अँटिऑक्सिडंट), म्हणजे मुक्त मूलके टिपणारी द्रव्ये, आहेत. फळ म्हणून डाळिंब उत्तमच आहे, पण तोंड आलेले असताना त्याचा आंबट रस जखमेवर झोंबतो, आणि किरणांपासून माणसाचे रक्षण करणारे औषध म्हणून त्याच्याकडे पाहण्याइतका पुरावा नाही.

खरा अपघात झाल्यास

सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १,३२० मेगावॉटचा प्रकल्प कोळशावर चालतो, अणुऊर्जेवर नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तसा समज मी अनेकांकडून ऐकला आहे. सामान्य माणसाच्या वाट्याला धोका आलाच, तर तो भंगारातून येण्याची शक्यता अधिक असते. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने यंत्र फोडले गेले आणि एक कामगार दगावला. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात टाकून दिलेल्या शेकाच्या यंत्रातील सिझियम-१३७ ची निळी चमकणारी पूड घरोघरी फिरली. चार माणसे मरण पावली आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सारी द्रव्य आढळले.

म्हणून भंगाराचा, वेल्डिंगचा किंवा बांधकामाचा धंदा असणाऱ्यांनी पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पाकळ्यांची खूण ओळखून ठेवावी आणि शिशाचे अनाकलनीय जड भांडे कधीही फोडू नये. तसे काही दिसल्यास लांब व्हावे, इतरांना लांब करावे आणि पोलिसांना कळवावे. अंगावर धूळ उडाली असल्यास वरचे कपडे हळूच काढून पिशवीत बंद करावेत, कारण एवढ्यानेच अंगावरील बहुतांश दूषित द्रव्य निघून जाते, आणि नंतर कोमट पाणी व साबणाने, कातडी न घासता, अंग धुवावे. रुग्णालयात गेल्यावर उलट्या किती वेळाने सुरू झाल्या, हे आठवून सांगावे. त्यावरून डॉक्टर मात्रेचा अंदाज बांधतात. तेथे उपयोगी पडणारी औषधे ठरलेली आहेत. अस्थिमज्जेसाठी फिलग्रास्टिमसारखी इंजेक्शने, सिझियम पोटात गेले असल्यास प्रशियन ब्लू हा निळा रंग, आणि किरणोत्सारी आयोडीन पसरले असल्यास पोटॅशियम आयोडाइड, जे केवळ थायरॉइड ग्रंथीला वाचवते आणि तेही प्रशासनाने सांगितलेल्या वेळी घेतले तरच.

२०११ साली जपानमध्ये फुकुशिमा येथे अपघात झाला, तेव्हा चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांपुढे रांगा लावल्या. हिशेब करून पाहावा. प्रौढ माणसाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असते, तर आपल्या घरी पोहोचणाऱ्या मिठात किलोमागे निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन अपेक्षित असते. म्हणजे एका गोळीइतके आयोडीन मिळवायला साडेसहा किलो मीठ खावे लागेल.

तोंडासाठी: येथे खरोखर करण्यासारखे आहे

आता घराकडे वळू. डोके आणि मानेच्या शेकात दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येऊ लागते. आधी लाली, मग पांढरे चट्टे, मग जखमा, आणि शेवटी पाण्याचा घोटही गिळवत नाही. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने असतात, म्हणून हा भाग सविस्तर लिहीत आहे.

मधाला येथे खरा आधार आहे. २००३ साली मलेशियात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने शेकाच्या १५ मिनिटे आधी २० मिलिलिटर, शेकानंतर १५ मिनिटांनी २० मिलिलिटर आणि सहा तासांनी पुन्हा २० मिलिलिटर शुद्ध मध तोंडात घोळवून हळूहळू गिळला. तोंड गंभीर प्रमाणात आलेले रुग्ण मधाच्या गटात २० पैकी ४ होते आणि दुसऱ्या गटात २० पैकी १५. अभ्यास लहान आहे, पण त्यानंतर इतर देशांतही असे अभ्यास झाले आणि या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत डोके-मानेच्या शेकासाठी मधाचा पर्याय सुचवला. मध मुख्यतः तोंडाच्या अस्तरावर काम करतो: थर देतो, जंतूंना आवरतो, जखम ओली ठेवतो. एखादी प्रतिऑक्सिडीकारक गोळी रक्तातून गाठीपर्यंत जाऊन जे करू शकते, त्याचा धोका या रीतीत फारसा नसतो. माझ्या मते घरच्या उपायांत मधाला पहिले स्थान देण्याचे हेच कारण आहे.

तरीही डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. २० मिलिलिटर म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. दिवसातून तीनदा घेतल्यास ६० मिलिलिटर होतात आणि त्यात जवळपास ७० ग्रॅम साखर जाते, त्यामुळे मधुमेही रुग्णासाठी हा उपाय परस्पर करता येत नाही. लाळ आटलेल्या तोंडात दात लवकर किडतात. म्हणून मधाचा प्रभाव राहावा यासाठी अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग साध्या पाण्याने चूळ भरावी, तसेच फ्लोराइडची पेस्ट वापरावी. रक्तातील पांढऱ्या पेशी फार कमी झालेल्या असल्यास कच्चा, न गाळलेला मध द्यावा की नाही, हे डॉक्टरच सांगतील. मधात लिंबू पिळू नये आणि तो गरम पाण्यात विरघळवून पिऊ नये, कारण पोटात जाणे हा हेतू नसून अस्तरावर टिकणे हा हेतू आहे. आमच्याकडे शेकाची वेळ दुपारी असायची. मावशी रिक्षात बसण्याआधी घरून मध घेऊन निघे आणि तेवढ्यात पंधरा मिनिटे उलटून जात. मात्र शहराबाहेरून, बार्शी किंवा अक्कलकोटहून येणाऱ्यांनी छोटी बाटली आणि चमचा सोबत ठेवावा.

हळदीला दुसरे स्थान द्यावे, पण गुळणीच्या रूपात. मंगळूरच्या डॉक्टरांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८० रुग्णांपैकी निम्म्यांनी हळदीच्या पाण्याच्या आणि निम्म्यांनी पोव्हिडोन-आयोडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या केल्या. हळदीच्या गटात तोंड उशिरा आले आणि गंभीर त्रास कमी जणांना झाला. चिमूटभर हळद अर्धा कप कोमट पाण्यात ढवळून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करता येतील. त्यासाठी सुटी पिवळीधमक पूड नको, कारण भेसळीत शिशाचे क्रोमेट असू शकते. सांगलीची हळकुंडे आणून घरी कुटून वस्त्रगाळ केलेली बरी. या गुळण्या डॉक्टरांनी दिलेल्या गुळण्यांच्या जागी करू नयेत, जोडीला कराव्यात. आणि सर्वांत स्वस्त उपाय विसरू नये: अर्धा लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ व अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून दर दोन-तीन तासांनी चूळ भरणे. मिश्री आणि तंबाखू शेक ठरला त्या दिवशीच थांबली पाहिजे. त्याशिवाय वरील कशाचाही उपयोग होणार नाही. विडीच्या घरात वाढलेल्या बायकांना मिश्री सोडणे किती जड जाते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यांना दरडावू नये, सोबत बसून मदत करावी.

जेवणात आपली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि ठेचा काही आठवडे बाजूला ठेवावे लागतात. ही तडजोड सोलापूरकराला औषधापेक्षा कठीण वाटते. त्याऐवजी ज्वारीच्या पिठाची आंबील, फार आंबू न देता, कोमट करून द्यावी. हुलग्याचे माडगे मिरचीशिवाय करावे. मुगाची मऊ खिचडी तूप सोडून घोटावी. दुधात तासभर भिजवलेली मऊ भाकरी कुस्करावी. अंडे चालत असेल तर पूर्ण शिजवून द्यावे. आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहावे आणि वजन घटत असल्यास डॉक्टरांना दाखवावे, कारण वजन फार उतरले की शेक घेताना डोके हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला मुखवटा सैल होतो आणि शेकाची आखणी बिघडू शकते.

कातडी: कोरफड, झेंडू आणि एक निराशा

शेकाच्या जागेची कातडी उन्हाने भाजल्यासारखी होते. त्यासाठी कोरफडीचा गर घरोघरी सुचवला जातो, पण तो ठीक तपासला गेला तेव्हा साध्या मलमापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. कॅलेंड्युला नावाच्या फुलाच्या मलमाचा एक चांगला अभ्यास २००४ साली फ्रान्समध्ये झाला. स्तनाच्या शेकातील २५४ स्त्रियांपैकी कॅलेंड्युला लावणाऱ्यांत ४१ टक्के आणि दुसरे मलम लावणाऱ्यांत ६३ टक्के स्त्रियांची कातडी मध्यम किंवा अधिक प्रमाणात बिघडली. येथे एक फसगत होते. कॅलेंड्युला म्हणजे आपला दसऱ्याचा झेंडू नव्हे. आपला झेंडू टॅजेटिस कुळातला आहे आणि त्याच्या पाकळ्या वाटून लावल्याने कातडीला खाज किंवा पुरळ येऊ शकते.

हळदीच्या अर्काची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकावी. २०१३ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात रोज ६ ग्रॅम करक्युमिन घेणाऱ्यांची कातडी कमी बिघडली. बातमी जगभर पसरली. मग त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे ६८६ रुग्णांवर मोठा अभ्यास केला आणि २०१८ साली लिहिले, की कातडीचा त्रास कमी झाला नाही. आमच्या फळीवरच्या गोळ्यांच्या पाकिटावर पहिल्या अभ्यासाचा गौरव होता, दुसऱ्याचा उल्लेख नव्हता.

कातडीसाठी करायचे ते असे, की कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने हलके धुवावे, टिपून कोरडे करावे, शेकासाठी कातडीवर आखलेल्या खुणा घासू नयेत, मऊ सुती कपडा वापरावा आणि मलम डॉक्टरांनी सांगितलेलेच लावावे. सोलापूरच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात ती जागा पदराने किंवा पंचाने झाकूनच बाहेर पडावे. हळद-चंदनाचा लेप, बर्फ आणि गरम पाण्याची पिशवी यांपैकी काहीही त्या जागेवर नको.

पोटावर शेक असल्यास

गर्भाशयमुखाच्या किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या कर्करोगात कंबरेखाली शेक देतात आणि जुलाब होतात. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदणी होत आहे आणि तेथील गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील काम देशभर ओळखले जाते, म्हणून आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. इटलीतील ४९० रुग्णांच्या अभ्यासात उपयुक्त जिवाणूंची पूड घेणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी ५२ टक्क्यांना जुलाब झाले. ती पूड आणि घरचे ताक एक नव्हे. तरी ताजे, घरी लावलेल्या दह्याचे पातळ ताक डॉक्टरांच्या संमतीने बहुतेकांना झेपते. भाकरी, कच्ची कोशिंबीर आणि उसळी कमी करून मऊ भात, मुगाचे वरण, केळे द्यावे आणि जलसंजीवनी हाताशी ठेवावी. आल्याचा येथे छोटा उपयोग आहे: केमोथेरपीच्या मळमळीवर ५७६ रुग्णांच्या अभ्यासात रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने आराम दिसला. भाजीत किंवा चहात तेवढे आले चालते, पण तोंड आलेले असेल तर तेही नको.

काय थांबवावे

येथे ५४० रुग्णांचा कॅनडातील अभ्यास डोळ्यांपुढे ठेवावा. डोके व मानेचा शेक घेणाऱ्यांना ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन यांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या, तेव्हा शेकाचा तात्कालिक त्रास खरोखर कमी झाला. परंतु पूरक गोळ्यांच्या काळात दुसरा कर्करोग उद्भवण्याचे प्रमाण वाढले, आणि ज्यांनी शेक चालू असताना धूम्रपान सोडले नव्हते, त्यांच्यात रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण अधिक निघाले. त्रास कमी झाला म्हणून घरचे सुखावले असतील. तोंडातील अस्तर वाचले, तसे गाठीलाही वाचवले गेले असावे, ही शंका त्यानंतर कोणालाच झटकता आलेली नाही.

म्हणून शेक सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून तो संपेपर्यंत ई, सी आणि अ जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या, करक्युमिन व द्राक्षबियांच्या अर्काच्या कॅप्सूल, तुळशीचे थेंब, गव्हांकुर पावडर आणि 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून विकले जाणारे सर्व काढे डॉक्टरांनी स्पष्ट होकार दिल्याशिवाय बंद ठेवावेत. वरणातली हळद, पूजेनंतर तोंडात टाकलेले तुळशीचे पान किंवा जेवणातले फळ यांना हा नियम लागू नाही; अन्नातील प्रमाण वेगळे आणि अर्काचे वेगळे. गुळवेलीबाबत आणखी एक कारण आहे: २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला झालेली इजा नोंदवली, आणि केमोथेरपीही चालू असेल तर यकृतावरचा ताण आधीच मोठा असतो.

सांगायचे कसे, हा प्रश्न अनेकांना छळतो, कारण डॉक्टर रागावतील असे वाटते. सर्व बाटल्या आणि पाकिटे एका पिशवीत घालून पहिल्या भेटीतच टेबलावर ठेवावीत, कोणी काय दिले हे न लपवता प्रत्येकाची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख कागदावर लिहून द्यावी, आणि वैद्यांकडून औषध चालू असेल तर त्यांच्या चिठ्ठीची प्रतही जोडावी. बाटली आणणाऱ्या नातेवाइकाला दुखवायचे नसेल, तर 'शेक संपल्यावर डॉक्टरांना विचारून सुरू करू' असे सांगून ती फळीवर ठेवावी. आम्ही उरलेल्या दिवसांत तसेच केले आणि कोणी वाईट वाटून घेतले नाही. त्या माणसांना मदत करायची होतीच. त्यांना मध आणायला, वजनाची वही सांभाळायला आणि रिक्षातून सोबत यायला सांगितले, तेव्हा ते आनंदाने आले.

शेक संपल्यावर पुढचे एक-दोन आठवडे तोंड आणखी दुखू शकते, हे आधी माहीत असले तर घाबरायला होत नाही. नंतर दोन ते चार आठवड्यांत अस्तर भरून येते, आणि तोपर्यंत मध, मिठाच्या गुळण्या व मऊ जेवण चालू ठेवावे. चव परतायला काही महिने लागतात. दात काढायचा प्रसंग आला तर शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढू नये, कारण शेकलेल्या जबड्याचे हाड भरून येत नाही अशी वेळ येऊ शकते. जेवणातले बदल एकेक करून परत आणावेत: आधी साधी मऊ भाकरी, मग वरणाला थोडी फोडणी, आणि सर्वांत शेवटी शेंगाचटणी, तीही पहिले काही दिवस दह्यात कालवून.